नाव घातलेली नळी

तळेगाव दाभाडे
९ जून २०२४

प्रिय चंद्रिकाताई,

सहा वर्षांनी माझं पत्र बघून तू कपाळाला आठ्या घालशील, ते मला इथून दिसतंय. तुझा जुना नंबर लागत नाही. ऑफिसातल्या सारिकाताईंनी तुझ्या शाळेचा पत्ता शोधून दिला आणि वर म्हणाल्या, “कळव तिला, आम्ही विसरलो नाही.” तेव्हा हे आधी कळवते.

मी अजून तिथेच आहे. तेच सर, तेच टेबल, खिडकीजवळचं, जे आधी तुझं होतं. रोज तळेगावहून पुण्याला जाते-येते. प्रबंध दिवाळीच्या आत द्यायचा आहे. आपलं तेवीस नंबरचं संयुग अजून चालू आहे, बरं का. भक्षक पेशींमध्ये चरबी साठते आणि त्या रक्तवाहिनीत गच्च बसतात. तेवीस नंबर पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे पेशीचं दारच, अडवतं आणि चरबीचे थेंब नाहीसे होतात. सगळं तुला पाठ आहे, तरी लिहिलं, कारण खरं विचारायचंय ते विचारताना हात अडखळतोय.

नायट्रोजनच्या टाकीत तळाशी काही नळ्या सापडल्या. लेबलं पुसली गेली आहेत, पण झाकणावर सुईनं कोरलंय, ‘चं १४’, ‘चं १५’, असं एकोणिसापर्यंत. त्या तुझ्याच ना? त्यांत काय आहे? सरांना जुन्या नळ्यांची यादी हवी आहे, म्हणून विचारते. बाकी काही नाही.

काका कसे आहेत? लोणावळ्याच्या दवाखान्यात भेटले होते, तेव्हा मला अर्धी भाकरी काढून दिली होती.

तुझी,
सई


तिकोणा पेठ
२१ जून २०२४

सई,

सप्रेम जय भीम. शाळा पंधरा तारखेला उघडली, म्हणून तुझं पत्र उशिरा हाती आलं. अंबाजी पोस्टमननं ते वर्गात आणून दिलं आणि मुलांसमोर विचारलं, “बाई, सरकारी हाय का?” मी न्हाई म्हटल्यावर त्याचा रस संपला.

मी इथे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याचं भिंग कुणीतरी नेलंय, पण नोंदवहीत तो चालू आहे. शनिवार-रविवारी धरणाकाठी तंबूवाल्यांची गर्दी होते, सोमवारी मुलं त्यांच्या बाटल्या गोळा करून विकतात. आई खाचरात थोडा इंद्रायणी तांदूळ पिकवते. असं चाललंय.

बाबा गेले. २०१९च्या दिवाळीनंतर, हृदयाच्या दुसऱ्या झटक्यानं. तुला कळवायचं सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळवावंसंही वाटलं नाही.

नळ्या माझ्याच. झाकणावर आणि बुडाशी, दोन्हीकडे कोरलेलं असेल, उलटून बघ. स्पिरिटनं शाई पुसली जाते म्हणून मी आधी नाव घालायचे आणि मग पेशी भरायचे. आमच्याकडे लग्नकार्याला सगळ्या वस्तीची भांडी गोळा होतात. ज्या हंड्यावर नाव घातलेलं नसतं तो परत येत नाही. तिथून उचललेली सवय. तुम्ही सगळे हसायचात.

त्यांत रिसेप्टर काढून टाकलेल्या पेशी आहेत, निदान मी तसं समजत होते. त्या वेळी मी काय घोळ घातला ते तुला माहीतच आहे, तू त्या मीटिंगला होतीस. तेव्हा यादीत ‘निरुपयोगी’ लिही आणि फेकून दे.

यादीसाठी कुणी सहा वर्षांनी पत्र लिहीत नाही, सई. घोडं कुठं अडलंय ते सांग.

चंद्रिका


तळेगाव दाभाडे
२ जुलै २०२४

प्रिय ताई,

काकांचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. भाकरीचं लिहिलं त्याची लाज वाटली.

तू ओळखलंसच, तर सांगते. आमचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे गेला होता. त्यांच्या तज्ज्ञानं विचारलं, ज्या पेशीला हा रिसेप्टरच नाही तिच्यावर तुमच्या संयुगाचा काय परिणाम होतो? सर म्हणाले, काहीच होणार नाही, एका आठवड्यात करून टाक. मी नव्या पेशी मागवल्या. त्यांच्यातही चरबीचे थेंब नाहीसे झाले. तीनदा केलं, तीनदा तेच.

मला वाटलं, मीही घोळ घातला. आणि मग तुझी ती मीटिंग आठवली. तुलाही हेच दिसलं होतं ना?

मेलवर लिहायला भीती वाटते. लॅबचा मेल कोण वाचतं कुणास ठाऊक, आणि मोबाईलवरचं कुठून कुठे जातं. म्हणून कागद. वाचून झालं की फाडून टाक.

तुझ्या नळ्या उघडू का?

सई


तिकोणा पेठ
१४ जुलै २०२४

सई,

हो, मलाही हेच दिसलं होतं. दार नसलेल्या पेशीतही दार बंद केल्याचा परिणाम. सरांनी माझा तक्ता पडद्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हे विज्ञान आहे की लेबलांचा गोंधळ?” मग जरा हळू आवाजात, “ज्यांच्या घरात हे कधी नव्हतं, त्यांच्या हाताला वळण लागायला वेळ लागतो.” कुणी काही बोललं नाही. मीही नाही. बाबा तेव्हा लोणावळ्याला दवाखान्यात होते, मी सकाळी त्यांना बघून लॅबला यायचे. मला वाटलं, झालीही असेल चूक. एकदा तसं वाटलं की आपलाच हात आपल्याला परका होतो.

पुढे सरांनी लेटरहेडवर पत्र दिलं, ‘वडिलांच्या आजारपणामुळे कामाकडे झालेले दुर्लक्ष आणि नमुन्यांची अदलाबदल’. शिष्यवृत्ती तिथेच थांबली. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते, इंग्रजी येत नव्हतं. म्हणाले, “वाच, काय लिवलंय?” मी सगळं मराठी करून वाचलं. एक शब्द गाळला नाही. तेव्हा मला खरं बोलायची फार हौस होती.

त्यानंतर ते तपासणीला जायला तयार होईनात. “माझ्या दवाखान्यापायी तुझं वाटुळं झालं, आता पुन्यांदा न्हाई,” एवढंच म्हणायचे. गोळ्या संपल्या तरी सांगायचे नाहीत. आम्हाला ते दिवाळीत कळलं.

तेव्हा नळ्या उघड, पण गंमत म्हणून उघडू नकोस. आधी त्या पेशींचं जनुक वाचून घे, रिसेप्टर आहे की नाही ते बघ. असेल, तर मी दोषी, आणि हा विषय पुन्हा काढू नकोस. नसेल, तर तेवीस नंबर घाल, आणि एका दिवसात पेशींच्या ताटल्या फेकू नकोस. आपण नेहमी चोवीस तासांनी फोटो काढून मोकळे व्हायचो. तीन दिवस थांब.

हे मला आईमुळे सुचलं. तिला सगळं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “दारच न्हाई, तर बंद काय केलं?” मी म्हटलं, तेच तर. मग म्हणाली, “आन् कणगी रिकामी झाली म्हंजी दाणा इकला आसं थोडंच हाय? कणगी फुटली आसंल. दाणा भुईवर पडून कुजत आसंल, बघ.” चरबी पेशीतून बाहेर गेलीये की थेंबात बांधली न जाता आतच मोकळी पडलीये, हे आपण सहा वर्षांत कधी विचारलं नाही.

तळेगावहून इथे यायला दीड तास लागतो. कामशेतला उतरलीस की पवनानगरची जीप मिळते. यावंसं वाटलं तर ये.

पत्र फाडलेलं नाही. मी पत्रं फाडत नाही.

चंद्रिका


तळेगाव दाभाडे
५ ऑगस्ट २०२४

ताई,

आज पाल्हाळ लावत नाही.

चं १४, १६ आणि १९ उघडल्या. तिन्हींतल्या पेशी जिवंत निघाल्या. तिन्हींचं जनुक बाहेरच्या प्रयोगशाळेकडून वाचून घेतलं. रिसेप्टर नाही. तिन्हींत नाही. बुडाचे आकडे आणि झाकणाचे आकडे जुळतात, आणि तुझ्या २०१८च्या वहीतल्या नोंदीशीही जुळतात. अदलाबदल झालेली नव्हती. तुझी लेबलं बरोबर होती. तुझा प्रयोग बरोबर होता.

तेवीस नंबर घातल्यावर चोवीस तासांत थेंब गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. नेहमीच्या पेशींचंही तेच. रिसेप्टरचा यात काही संबंधच नाही. चरबी बांधून ठेवणारं आतलं एन्झाइमच हे संयुग बंद पाडत असावं, आणि मोकळी चरबी पेशीला विषासारखी लागते. मावशींचं कणगीचं म्हणणं बरोबर होतं. हेच संयुग माणसाला दिलं तर रक्तवाहिनीतल्या पेशींचं काय होईल, याचा विचार करत मी ताटल्या पुन्हा मोजल्या. एक कंपनी पुढच्या वर्षी ते माणसांवर तपासायची बोलणी करते आहे.

आणखी एक गोष्ट आहे. सहा वर्षं ती मला टोचते आहे. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं, चंद्रिकाचं काम कसं चाललंय? मी म्हणाले, “ताईचं लक्ष सध्या दवाखान्यात असतं.” तुझी बाजू घ्यावी, सरांनी तुला सांभाळून घ्यावं, म्हणून म्हणाले. खरंच. ते वाक्य सरांच्या पत्रात गेलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

सोमवारी, बाराला, मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. वहीसकट, फोटोंसकट. आता मागे फिरणार नाही.

तुझी,
सई


तिकोणा पेठ
१२ ऑगस्ट २०२४

सई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. शाळेत वाचलं नाही. घरी येऊन भात लावून झालेल्या खाचराच्या बांधावर बसून वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेऊन उलटून बघितला. मग म्हणाली, “मंग तुज्या बापाला कोन सांगनार?”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला फक्त ते गोळ्यांचं रिकामं पाकीट आठवलं, जे बाबांनी उशीखाली ठेवलं होतं, भरलेलं आहे असं आम्हाला वाटावं म्हणून.

ते वाक्य तुझं होतं हे आज कळलं. राग आला, नाही असं नाही. पण तू सांगितलंस. सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं, तेव्हा तेवढं तुझ्या बाजूला धरते.

आज सोमवार. हे लिहितेय तेव्हा तू कदाचित बोलत असशील. माझं एकच मागणं आहे. शिष्यवृत्ती नको, पदवी नको, निबंधात नावही नको. लेटरहेडवर एक ओळ हवी, ‘नमुन्यांची अदलाबदल झाली नव्हती.’ पहिलं पत्र ज्या कागदावर होतं त्याच कागदावर. आईला ती वाचून दाखवायची आहे, बाबांच्या फोटोसमोर. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असं तुझ्या मनात येईल. आमच्या घरात त्याचा उपयोग आहे.

आणि ते संयुग थांबायला हवं. बाबांना जो आजार होता त्याच्याच माणसांना ते देणार. बाबा असते तर अंगठा उठवून पहिल्या रांगेत उभे राहिले असते, लेकीच्या लॅबचं औषध म्हणून.

काय झालं ते कळव.

चंद्रिका


तिकोणा पेठ
३० सप्टेंबर २०२४

सई,

सात आठवडे झाले. पोस्टावर खापर फोडून झालं, अंबाजीलाही विचारून झालं. तो म्हणतो, “बाई, आलं आसतं तर म्या ठेवून काय करू?” गणपती गेले, आता पितृपंधरवडाही संपत आला. आम्ही तो पाळत नाही, पण गावात घरोघरी कावळ्याला पान ठेवतात, ते येता-जाता दिसतं.

आजारी आहेस का? तसं असेल तर एक ओळ टाक. नसेल तरी टाक.

चंद्रिका


तळेगाव दाभाडे
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी आजारी नाही. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

बाराला मी बोलले नाही. आधी सरांना एकटं गाठून सांगावं असं ठरवलं, निदान त्यांचा मान राहील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा मागवला. म्हणाले, नव्या पेशी खराब निघू शकतात, जुन्या तर सहा वर्षं पडून होत्या. म्हणाले, तिसऱ्या दिवशी पेशी मरतातच, प्रबंधात ते वेगळं प्रकरण होऊ शकतं, पण त्यासाठी अजून दोन वर्षं लागतील, थांबायची तयारी आहे का? माझी सहा आधीच गेली आहेत. माझे बाबा पुढच्या मार्चला निवृत्त होतात. ताई, मला हो म्हणता आलं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. नळ्या कुणाच्या ते सांगितलंच नाही. तुला पुन्हा त्रास नको, असा विचार केला.

प्रबंध दिला. निबंध त्या प्रयोगाशिवाय स्वीकारला गेला, सरांनी संपादकांना समजावलं. मला जानेवारीत जर्मनीत जागा मिळाली आहे. लेटरहेडचं कसं विचारू? विचारलं तर कशासाठी ते सांगावं लागेल.

गेल्या आठवड्यात सरांनी टाकी साफ करायला सांगितली. नोंद नसलेल्या नळ्या काढायच्या होत्या. तुझ्या तीन उरल्या होत्या. मीच काढल्या. एक मात्र फेकवली नाही. धुऊन, निर्जंतुक करून सोबत पाठवते आहे. चं १५. रिकामी आहे.

माझी आधीची पत्रं कृपा करून फाडून टाक. आणि जमलं तर मला माफ कर.

सई


तिकोणा पेठ
१८ नोव्हेंबर २०२४

सई,

सप्रेम जय भीम.

नळी पोचली. कापसात गुंडाळून पाठवलीस, फुटणारी वस्तू असल्यासारखी. आईनं हातात घेऊन उलटसुलट केली, झाकण बघितलं, बूड बघितलं. तिला वाचता येत नाही, पण कोरलेल्या खुणेवरून ती वस्तीतलं कुणाचंही भांडं ओळखते. म्हणाली, “नाव घातलेलं व्हतं म्हून घरी आलं.” आता नळी मांडणीवर बाबांच्या तांब्याशेजारी आहे. रिकामी आहे हे तिला चालतं, मला चालत नाही.

तुझ्यावर ओरडायला मी तीन वेळा कागद घेतला. पण तुझी भीती मला ओळखीची आहे. २०१८ साली मी त्याच खोलीत गप्प बसले होते आणि माझ्याकडे तर बोलून गमावण्यासारखंही फार काही नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी सहा वर्षं खाल्ला. तुझं वेगळं, तुला तोंड बंद ठेवायचे पैसे नाही, पण जागा मिळाली. असो, हे टोचून लिहिलं, खोडत नाही.

एक मात्र मनात ठेवू नकोस, की माझं नाव न घेऊन तू मला वाचवलंस. माझं नाव घ्यायचं एवढंच तर काम होतं.

मी लेटरहेडची वाट बघत बसले होते. परवा आईनं विचारलं, “त्या पोरीचं पत्र हाय की. त्यात लिवलंय ना समदं?” मी पेटीतून तुझं पाच ऑगस्टचं पत्र काढलं. ‘अदलाबदल झालेली नव्हती. तुझी लेबलं बरोबर होती.’ तारीख आहे, नळ्यांचे आकडे आहेत, जनुकाचं आहे, तिसऱ्या दिवशी पेशी मेल्याचं आहे, कंपनीचं आहे. खाली तुझी सही. मेलची भीती वाटते म्हणून तू कागदावर लिहिलंस. कागद इतका पक्का असतो हे तुला कुणी शिकवलं नसावं. आमच्या घरात ते एका पत्रानं सगळ्यांना शिकवलं होतं.

ती ओळ मी बाबांच्या फोटोसमोर वाचली. मराठी करावी लागली नाही. आई ऐकताना पदरानं फोटोची काच पुसत होती. वाचून झाल्यावर मी तिला म्हटलं, “झालं.” ती म्हणाली, “उशीर झाला, पर झालं.” मग आम्ही जेवलो.

पण माझं काम तेवढ्यानं होत नाही. वर्षभरात कुणाच्या तरी बापाला ते औषध मिळेल आणि त्याची लेक सगळ्या गोळ्या वेळेवर देईल. त्याला काही झालं तर ती स्वतःचा हात तपासत बसेल. मी ते बघितलं आहे. म्हणून तुझ्या पाच ऑगस्टच्या पत्राच्या, आणि लॅबमधल्या माझ्या वहीच्या मी जपून ठेवलेल्या झेरॉक्सच्या, तीन प्रती मी पवनानगरला काढून आणल्या. एक नियतकालिकाच्या संपादकांना, एक संस्थेच्या संचालकांना, एक औषध तपासणाऱ्या सरकारी खात्याला. तिन्ही रजिस्टरनं जाणार. तुझं नाव झाकता येणार नाही, कारण सही तुझी आहे आणि सहीशिवाय त्या कागदाला किंमत नाही. तुझी जर्मनीची जागा राहील की जाईल मला माहीत नाही. राहावी असं वाटतं. ती गेली तर त्याला कारण मी असेन, हे मला ठाऊक आहे आणि ते माझ्याजवळ राहील.

तू एकदाही इथे आली नाहीस. आली असतीस तर कदाचित हे इतकं सोपं झालं नसतं.

आज सोमवार. रजिस्टर मी पुढच्या सोमवारी, पंचवीसला, शाळा सुटल्यावर टाकणार आहे. त्याच्या आधी तू स्वतः संपादकांना लिहिलंस, तर माझं पाकीट नुसतं पुरावा म्हणून जाईल. नाही लिहिलंस, तर तेच पहिलं पत्र असेल. हे पत्र मी अंबाजीकडे देत नाही, उद्या शाळेच्या आधी कामशेतला जाऊन स्वतः टाकते, म्हणजे तुला गुरुवारपर्यंत मिळेल. तुझ्याकडे चार दिवस उरतील.

चंद्रिका